घड्याळ सतत मागे पडतंय, बॅटरी बदलूनही : नेमकं कुठे बघायचं?

अवकाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डेस्कटॉपच्या घड्याळाने वैताग आणलाय. आठवड्याला साधारण मिनिटभर मागे पडतं. मशीन दिवसरात्र चालूच असतं, बंद क्वचितच होतं. सगळीकडे वाचलं की बॅटरी गेली असणार, म्हणून मदरबोर्डवरची सीआर२०३२ बदलली. काडीचाही फरक नाही.

विंडोजमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की थोडा वेळ गोल फिरतं आणि 'सिंक्रोनायझेशन फेल्ड' येतं. याच मशीनवर लिनक्सही आहे आणि तिकडे वेळ अगदी चोख असते. मात्र लिनक्समधून विंडोजमध्ये परत आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे गेलेलं असतं.

त्रास खराच होतो. ओटीपी बनवणारं ॲप याच मशीनवर आहे, त्याचे आकडे नाकारले जातात. बॅकअपचा प्रोग्राम फायलींच्या वेळा बघून ठरवतो काय नवं आणि काय जुनं, तिथेही गोंधळ. दर रविवारी हाताने घड्याळ लावत बसायचं नाहीये, मूळ कारण हवंय.

मोरपिशी

बॅटरी नवी असली तरी एकदा मल्टिमीटर लावून बघा. ३ व्होल्टच्या आसपास हवेत. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बॅटऱ्याही 'नव्या' म्हणून मिळतात.

दशमान

बॅटरीचा पिच्छा आधी सोडूया. मशीन दिवसरात्र चालू आहे ना? मग त्या काळात बॅटरीचा संबंधच येत नाही.

कॉम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, आरटीसी. ३२,७६८ हर्ट्झचा छोटा क्रिस्टल त्याला चालवतो (२ चा १५ वा घात, म्हणजे पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका). वीज नसताना बॅटरी जगवते ती याला. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमचं. ते चालू होताना एकदा आरटीसीकडून वेळ घेतं आणि पुढे प्रोसेसरचा टीएससी काउंटर मोजत स्वतःच्या पायावर चालतं. तुमचं मागे पडतंय ते हे दुसरं.

कुठल्याही घड्याळाच्या तक्रारीत मी पहिला प्रश्न 'किती चुकतंय' असा विचारत नाही, 'कसं चुकतंय' असा विचारतो. रात्रभर बंद ठेवून सकाळी लावल्यावर तारीखच दोन-चार वर्षं मागे गेली, तर बॅटरी. चालू असताना रोज सारख्याच गतीने मागे पडत असेल, तर क्रिस्टलचा वेग आणि तो दुरुस्त करणारं कुणी नाही. मधूनच एकदम मोठी उडी, तर दोन मालक एकाच घड्याळाला हात लावताहेत. आणि फरक बरोब्बर साडेपाच तास असेल तर तो वेळेच्या पट्ट्याचा घोळ, घड्याळ बिचारं ठीक आहे.

तुमच्याकडे दुसरा आणि चौथा असे दोन वेगळे आजार आहेत. एकत्र धरले तर उत्तर सापडणार नाही.

गतीचा हिशोब करून बघा. आठवड्यात ६,०४,८०० सेकंद. त्यात ६० सेकंदांची चूक म्हणजे दर दहा लाखात ९९, ज्याला पीपीएम म्हणतात. साध्या क्रिस्टलची २० पीपीएमची चूकही दिवसाला पावणेदोन सेकंद होते. तुमचा १०० च्या घरात आहे, म्हणजे बराच सुस्त, पण दुरुस्तीपलीकडचा नाही.

आता चार गोष्टी करून इथे टाका:

प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस' द्या आणि 'सोर्स'ची ओळ वाचा. मग '/रीसिंक' द्या. मग '/स्ट्रिपचार्ट' एखाद्या टाइम सर्व्हरच्या नावासकट द्या, तो फक्त फरक दाखवतो, घड्याळाला हात लावत नाही. आणि लिनक्समध्ये क्रोनी (घड्याळ जुळवत ठेवणारा प्रोग्राम) असेल तर 'क्रोनीसी ट्रॅकिंग'मधली 'फ्रिक्वेन्सी'ची ओळ.

ठिपका

विषयाला थोडं सोडून विचारतो. मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातही तोच ३२,७६८ चा क्रिस्टल असतो ना? ते महिन्यात काही सेकंदच चुकतं. मग एवढ्या महागड्या मदरबोर्डवर ही दशा का?

पाऊलवाट

तापमान. हा क्रिस्टल चिमट्याच्या आकाराचा असतो आणि २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वात वेगाने चालतो. तिथून तापमान वर जावो की खाली, तो मंदच होतो, आणि मंद होण्याचं प्रमाण फरकाच्या वर्गाने वाढतं : साधारण ०.०३५ पीपीएम गुणिले फरकाचा वर्ग. कॅबिनेटच्या आत ४५ अंश असतील तर २० चा वर्ग ४००, म्हणजे १४ पीपीएम, दिवसाला सव्वा सेकंद नुसत्या उष्णतेपायी. मनगटी घड्याळ अंगाच्या उबेत दिवसभर जवळपास एकाच तापमानाला राहतं, आणि बनवणाराही ते घड्याळ म्हणून जुळवून विकतो. मदरबोर्डवाल्याला ती गरज वाटत नाही.

पण अवकाळी यांच्या बाबतीत हा क्रिस्टल दोषी नाही, दशमान म्हणाले तसं चालू मशीनमध्ये काम दुसराच क्रिस्टल करतो, काही मेगाहर्ट्झचा, बोर्डाच्या मुख्य क्लॉकचा. शिवाय टीएससीचा वेग ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना ठरवते, तो अंदाज किंचित चुकला तरी पुढचं सगळं त्याच प्रमाणात चुकत जातं.

अवकाळी

सगळं करून बघितलं. आकडे विचित्र आहेत.

सोर्स : 'लोकल सीमॉस क्लॉक'.
रीसिंक : वेळेचा डेटा उपलब्ध नाही म्हणून सिंक झालं नाही, असा संदेश.
स्ट्रिपचार्ट : मस्त चालतोय! दर दोन सेकंदांनी उत्तर येतं, फरक ३८ सेकंदांच्या आसपास दाखवतो.
लिनक्समध्ये क्रोनीची फ्रिक्वेन्सी : ९६ पीपीएम स्लो.

सर्व्हर गाठता येतोय, मग रीसिंक का होत नाही? फायरवॉल पूर्ण बंद करूनही तेच.

दशमान

छान, आता चित्र स्पष्ट व्हायला लागलं.

'लोकल सीमॉस क्लॉक' याचा अर्थ विंडोज कुणालाच विचारत नाहीये, किंवा विचारतंय पण उत्तर मिळत नाहीये. क्रोनीचा आकडा त्याहून बोलका आहे. लिनक्समध्ये वेळ चोख आहे म्हणून तिकडचं घड्याळ चांगलं, असं नाही. तिकडेही क्रिस्टल ९६ पीपीएम मंदच आहे. क्रोनीने ती सुस्ती मोजून ठेवली आणि घड्याळ तेवढ्याच प्रमाणात पळवत ठेवलंय. तुम्ही विंडोजमध्ये डोळ्यांनी बघितलेलं आठवड्याचं मिनिट म्हणजे ९९. दोन वेगळ्या वाटांनी आकडा एकच आला, म्हणजे हार्डवेअरबद्दल आता शंका नको आणि बोर्ड बदलायचीही गरज नाही. अशी दुरुस्ती ५०० पीपीएमपर्यंत सहज होते.

उरला प्रश्न विंडोजला उत्तर का मिळत नाही हा. वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं टूल) असेल तर यूडीपी १२३ वर, म्हणजे वेळेची विचारपूस ज्या पोर्टवर चालते त्यावर, फिल्टर लावा. आधी रीसिंक, मग स्ट्रिपचार्ट चालवा. जाणाऱ्या पॅकेटचा सोर्स पोर्ट काय आहे ते दोन्ही वेळा बघा.

रातकिडा

पोर्टचा निकाल येईपर्यंत व्हर्च्युअल मशीनवाल्यांसाठी एक भर, कारण शोधत शोधत तेही या धाग्यावर येतील.

व्हीएमचं घड्याळ वाहत नाही, ते उड्या मारतं. लॅपटॉप झोपवला, स्नॅपशॉट परत आणला, की आतल्या पाहुण्याला (म्हणजे व्हीएमला) मधला काळ गेल्याचं कळतच नाही. मग व्हर्च्युअलायझेशनचं टूल बाहेरून वेळ ढकलतं आणि आत एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) स्वतःचं काहीतरी करत असतो. दोघं एकमेकांचं काम उलटवत बसतात आणि लॉगमध्ये वेळ पुढे-मागे नाचताना दिसते. दोघांपैकी एकच मालक ठेवा. माझा कौल : यजमान मशीनची वेळ नीट सांभाळा, पाहुण्यात क्रोनी ठेवा, टूलचं वेळ जुळवणं बंद करा. झोपेतून उठल्यावर क्रोनीला एकदा 'मेकस्टेप' (फरक एका उडीत भर, हा हुकूम) द्यावं लागतं एवढंच.

सांजवात

खरं सांगा, घरच्या मशीनला एक मिनिट इकडे-तिकडे झालं तर एवढं काय? मी तर फोनकडे बघते.

पाऊलवाट

माणसाला फरक पडत नाही, मशीनला पडतो. ओटीपीचा आकडा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो गुप्त किल्ली अधिक वेळ यांच्यातूनच बनतो. सर्व्हर बहुधा एखादा मागचा आकडा चालवून घेतो. मिनिटभर मागे गेलात की तुम्ही दोन घरं मागचा आकडा देत असता. ऑफिसच्या डोमेनमध्ये लॉगिनची ओळख पटवणारी कर्बेरॉस पद्धत ५ मिनिटांपलीकडचा फरक मान्यच करत नाही, लॉगिनच होत नाही. तारीखच मागे गेली तर वेबसाइटचं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं ठरतं आणि ब्राउझर सगळीकडे धोक्याची सूचना दाखवतो. आणि दोन मशीनचे लॉग शेजारी ठेवून काही शोधायची वेळ आली की कळतं, घड्याळं जुळलेली नसतील तर आधी काय झालं आणि नंतर काय, हेच सांगता येत नाही. ती शोधाशोध फार जीव खाते.

अवकाळी

वायरशार्कचा निकाल :

रीसिंक : माझ्याकडून सोर्स १२३, डेस्टिनेशन १२३. उत्तर नाही. पुन्हा तसंच. उत्तर नाही.
स्ट्रिपचार्ट : सोर्स पन्नास हजारांवरचा कुठलातरी पोर्ट, डेस्टिनेशन १२३. लगेच उत्तर.

मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून रीसिंक दिलं तर पहिल्या झटक्यात झालं!

दशमान

सापडला चोर. विंडोजची टाइम सर्व्हिस प्रश्न विचारताना स्वतःचा पोर्टही १२३ च वापरते. त्यामुळे उत्तर परत येतं तुमच्या १२३ वर. स्ट्रिपचार्ट आणि क्रोनी मिळेल तो मोकळा पोर्ट घेतात. तुमच्या इंटरनेट जोडणीत कुठेतरी, बहुधा सेवा देणाऱ्याकडे, ग्राहकाच्या १२३ कडे येणारं यूडीपी गाळलं जातंय.

असं का करतात तेही सांगतो, कारण ते अगदीच बिनबुडाचं नाही. २०१३-१४ च्या सुमारास एनटीपी सर्व्हरच्या 'मॉनलिस्ट' या सोयीचा गैरवापर करून मोठे हल्ले झाले. खोट्या पत्त्याने इवलासा प्रश्न विचारायचा आणि सर्व्हरचं भलंमोठं उत्तर भलत्याच्याच अंगावर सोडायचं. ग्राहकांच्या घरातली उपकरणं यात वापरली जाऊ नयेत म्हणून काही जोडण्यांवर हा पोर्ट कायमचा गाळला गेला. रास्त वापर करणारेही त्यात भरडले जातात.

उपाय : सेवा देणाऱ्याला तपशिलासह लिहाच, वरचे पॅकेट जोडा. पण त्यावर विसंबू नका. घरात कायम चालू असलेलं दुसरं काही आहे का? जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर? त्यावर क्रोनी बसवा, तो बाहेरून मोकळ्या पोर्टने वेळ आणेल आणि विंडोज त्याला विचारेल. घरातल्या घरात १२३ ते १२३ कुणी अडवत नाही.

ठिपका

मूळ मुद्दा मला अजून कळलेला नाही. उत्तर यायला जो वेळ लागतो तेवढ्यात वेळ शिळी होते. मग ती बरोबर कशी लावतात?

दशमान

एनटीपीचा सगळा जीव याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका देवाणघेवाणीत चार वेळा नोंदल्या जातात. तुमच्या घड्याळाने १०:००:००.००० ला प्रश्न निघाला. सर्व्हरच्या घड्याळाने १०:००:०२.०३० ला पोचला. सर्व्हरकडून १०:००:०२.०३१ ला उत्तर निघालं. तुमच्या घड्याळाने १०:००:००.०६१ ला हाती आलं.

एकूण ६१ मिलिसेकंद गेले, त्यातला १ सर्व्हरच्या आत. म्हणजे प्रवास ६०. आता फरक बघा : जाताना २.०३० दिसतो, येताना २.०३१ वजा ०.०६१ म्हणजे १.९७०. दोन्हींची सरासरी बरोबर २.०००. तुमचं घड्याळ २ सेकंद मागे. प्रवासाचा वेळ जाताना मिळवला गेला आणि येताना वजा झाला, म्हणून निघून गेला.

यात एकच गृहीतक आहे : जायला आणि यायला सारखा वेळ लागतो. जायला ५० आणि यायला १० लागले तर उत्तर २० मिलिसेकंदांनी चुकेल आणि ते कुठल्याही आकडेमोडीने कळणार नाही. एवढी हमी मात्र असते की चूक प्रवासाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसेल. म्हणून जवळचा सर्व्हर चांगला, आणि म्हणूनच भरलेल्या जोडणीवर, मोठी फाइल वर चढत असताना, फरकाचे आकडे उड्या मारतात. त्या उड्यांना घाबरून सेटिंग बदलू नका.

डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी ही रचना बांधली. पहिला दस्तऐवज १९८५ चा, आज चालते ती चौथी आवृत्ती २०१० ची. मिल्स २०२४ च्या जानेवारीत गेले. आपण रोज ज्या कामावर टेकून आहोत त्यातलं किती या एका माणसाचं आहे, हे वाटतं तितक्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम नाव घेतलं.

अवकाळी

रास्पबेरी पाय ४ आहे घरात! क्रोनी बसवला. सर्व्हर किती आणि कोणते घालू? एक गूगलचा आणि बाकी पूलचे (स्वयंसेवकांच्या सार्वजनिक टाइम सर्व्हरांचा संच) घालतोय.

पाऊलवाट

ते मिश्रण करू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) येतो तेव्हा गूगलचे सर्व्हर तो एक सेकंद २४ तासांवर पातळ करून पसरवतात, पूलचे बहुतेक सर्व्हर तसं करत नाहीत. त्या दिवशी दोन गट वेगवेगळी वेळ सांगतील. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस आला होता, आणि २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं २०२२ मध्ये ठरलंय, तरीही सवय चांगली ठेवलेली बरी. एकतर सगळे पूलचे, नाहीतर सगळे गूगलचे.

संख्या : चार. दोन असतील आणि त्यांचं पटलं नाही तर खोटा कोण ते ठरत नाही. तिघांत बहुमत होतं. चौथा अशासाठी, की एक बंद पडला तरी तीन उरतात.

दशमान

सहमत. शिवाय क्रोनीमध्ये 'अलाउ' लिहून पुढे तुमच्या घरच्या नेटवर्कची रेंज द्या. ते दिल्याशिवाय क्रोनी दुसऱ्या कुणाला वेळ देत नाही.

विंडोजकडे 'डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग'ला 'मॅन्युअलपीअरलिस्ट'मध्ये पायचा पत्ता, त्यापुढे स्वल्पविराम देऊन '०एक्स८', मग 'सिंकफ्रॉमफ्लॅग्स:मॅन्युअल' आणि '/अपडेट'. विंडोज टाइम ही सर्व्हिस 'ऑटोमॅटिक' करून ठेवा. त्यानंतर रीसिंक.

आणि साडेपाच तासांचा दुसरा आजार : लिनक्स आरटीसीमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितो, विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. रजिस्ट्रीत 'करंटकंट्रोलसेट'खाली 'कंट्रोल', त्यात 'टाइमझोनइन्फर्मेशन', तिथे 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाचा डीवर्ड बनवून किंमत १ द्या. उलटं, लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला लावणंही शक्य आहे, पण 'टाइमडेटसीटीएल' स्वतःच त्यावर इशारा देतो, त्या वाटेला जाऊ नका.

मोरपिशी

यात एक खाच मीही सांगते. डोमेनबाहेरच्या विंडोजमध्ये मूळ सेटिंगनुसार १५ तासांपेक्षा जास्त फरक दिसला तर सर्व्हिस तो लावतच नाही. म्हणून बॅटरी मेलेल्या मशीनवर तारीख काही वर्षं मागे गेली की सिंक चालू असूनही काही होत नाही. अशा वेळी एकदा हाताने अंदाजे तारीख-वेळ लावायची, पुढचं ते बघतं. एनटीपीडी या वेळ जुळवणाऱ्या जुन्या प्रोग्रामलाही १००० सेकंदांची अशीच मर्यादा आहे, 'जी' हा पर्याय देऊन सुरू केला तर पहिल्यांदा तेवढी सूट मिळते.

अवकाळी

झालं! विंडोजमध्ये सोर्सच्या जागी आता पायचा पत्ता दिसतो, स्ट्रॅटम (मूळ घड्याळापासून किती पायऱ्या दूर) ४. लिनक्समध्ये जाऊन परत आलो, साडेपाच तासांचा घोळही गेला. पायवर 'क्रोनीसी सोर्सेस'मध्ये एकापुढे तारा, दोनांपुढे अधिक, एकापुढे वजा. 'रीच' सगळ्यांचा ३७७. वजा म्हणजे तो सर्व्हर काढून टाकू का?

दशमान

राहू द्या. तारा म्हणजे सध्या ज्याच्याशी जुळवलंय तो, अधिक म्हणजे ज्याचा हिशोब धरलाय ते, वजा म्हणजे ठीक आहे पण आत्ता गरज नाही. इंग्रजी 'एक्स' दिसला तरच काळजी, तो खोटारडा ठरलेला असतो. ३७७ हा आठाच्या पायावरचा आकडा आहे, मागच्या आठही प्रश्नांना उत्तर आलं असं तो सांगतो. ३७६ दिसला तर सर्वात ताजं उत्तर चुकलं, एवढ्याने बिथरू नका.

रातकिडा

वीज जाऊन आली आणि पाय आणि पीसी एकदम सुरू झाले तर? पाय ४ ला आरटीसी नाही. तो बंद होताना नोंदलेली जुनी वेळ घेऊनच उठतो.

दशमान

महत्त्वाचा प्रश्न. म्हणूनच क्रोनीच्या फायलीत 'लोकल स्ट्रॅटम १०' ही ओळ घालू नका, बऱ्याच ठिकाणी ती घालायला सांगतात. ती असली की बाहेरून वेळ मिळालेली नसतानाही पाय आपली जुनी वेळ खरी म्हणून वाटायला लागतो. ती नसली की तो प्रश्नांना उत्तर देतो खरं, पण 'मी स्वतःच जुळलेलो नाही' अशी खूण लावून, आणि विंडोज ते स्वीकारत नाही. 'मेकस्टेप १.० ३' ठेवा, म्हणजे पहिल्या तीन दुरुस्त्यांमध्ये एक सेकंदाहून मोठा फरक तो एका उडीत भरून काढेल. नाहीतर हळूहळू सरकवत भरायचा तर मोठ्या फरकाला फार वेळ जातो.

तेही टाळायचं असेल तर डीएस३२३१ चं छोटं मॉड्यूल पायला जोडा. त्यात तापमानानुसार स्वतःला सावरणारा क्रिस्टल असतो, ० ते ४० अंशांत २ पीपीएमच्या आत. डीएस१३०७ वालं घेऊ नका, दिसायला तसंच असतं पण त्याला साधा क्रिस्टल लावलेला असतो.

अवकाळी

ती ओळ होती माझ्या फायलीत, आत्ता काढली. सेवा देणाऱ्याला वायरशार्कच्या नोंदींसकट तक्रार पाठवलीय, उत्तर आलं की इथे लिहितो. मोरपिशी, बॅटरी मोजली, ३.१ व्होल्ट आहे.